हँडलबार बॅग घेताय? आधी हँडल मोजा, मग बॅग बघा

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना आकडे लिहून घ्यायचे राहिले, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जे "अं... म्हणजे..." होतं ते काढलंय, बाकी मजकूर तोच आहे.

विषय आहे हँडलबार बॅग. म्हणजे टूरिंग सायकलच्या हँडलला पुढे लटकवतात ती बॅग. दिवाळीनंतर हवा बरी झाली की कोकणातल्या राइडचे प्लॅन सुरू होतात, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "कोणती बॅग घेऊ? पाच लिटरची की दहा लिटरची?"

माझं उत्तर जरा उलट्या बाजूने सुरू होतं. लिटर सगळ्यात शेवटी बघायचे. आधी तुमचं हँडल, मग माउंट, म्हणजे बॅग हँडलला धरून ठेवणारी वस्तू, आणि मग बॅग. कारण सोपं आहे. कॅरियरवरची पॅनिअर थोडी सैल झाली तर खडखड आवाज येतो, तुम्ही थांबता आणि घट्ट करता. हँडलवरची बॅग सैल झाली तर ती पुढच्या चाकावर येते, किंवा ब्रेकच्या केबलवर दाब देते. आणि हे सपाट रस्त्यावर होत नाही, घाट उतरताना होतं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं म्हणजे सुमारे ४० किमीचा रस्ता आणि वळणामागून वळण. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक आणि हँडल या दोन गोष्टी शंभर टक्के तुमच्या ताब्यात हव्यात.

मुळात ही बॅग हवी कशाला?

दोन कामांसाठी. पहिलं, न उतरता हाताशी लागणाऱ्या वस्तू: चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, सनस्क्रीन, पॉवर बँक, विंडचीटर. ब्रेव्हे करणाऱ्यांना हे लगेच पटेल. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. दर वेळी खायला थांबून मागची बॅग उघडत बसलात तर वेळ कुठे गेला ते कळतही नाही.

दुसरं काम म्हणजे किमती वस्तू. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाताना सायकल गाड्यांच्या गर्दीत उभी करून तुम्ही वर कठड्याशी जाता. मिसळ खायला थांबलात तरी सायकल बाहेर आणि तुम्ही आत. अशा वेळी पाकीट, फोन, कॅमेरा, आधार कार्ड सगळं एका झटक्यात खांद्याला लावून नेता यायला हवं. क्लिक करून निघणारी बॅग इथे कामाला येते.

कपडे, कुलूप, टूलकिट, जास्तीची ट्यूब हे या बॅगेचं काम नाही. ते मागे किंवा फ्रेममध्ये. का, ते आता बघू.

थोडंसं फिजिक्स, घाबरू नका

हँडल वळवता तेव्हा बॅगही वळते. सगळं फिरतं ते हेडट्यूबमधून जाणाऱ्या आसाभोवती. आता बारावीचं आठवा: फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग. अंतराचा वर्ग, हा शब्द महत्त्वाचा.

उदाहरण घेऊ. पट्ट्यांनी हँडलला घट्ट चिकटवलेली एक बॅग आहे, तिचा मध्य आसापासून १८ सेंमीवर. तेवढ्याच वजनाची दुसरी बॅग लांब ब्रॅकेटवर आहे, तिचा मध्य २४ सेंमीवर. फरक फक्त ६ सेंमीचा. पण २४ चा वर्ग ५७६ आणि १८ चा ३२४. म्हणजे दुसऱ्या बॅगेचं जडत्व जवळजवळ पावणेदोन पट. वजन तेच, हँडल मात्र वळायला जड आणि वळल्यावर थांबवायलाही जड.

यातून तीन नियम निघतात:

१. बॅग हँडलच्या जितकी जवळ तितकी चांगली. पुढे डोकावणारी खोल बॅग टाळा.

२. बॅगेच्या आत जड वस्तू हँडलच्या बाजूला, तळाशी आणि मध्यभागी. पॉवर बँक पुढच्या खिशात टाकू नका.

३. वजन मोजून भरा. प्रत्येक माउंटवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात कमाल वजन दिलेलं असतं, आणि त्यात बहुतेकदा बॅगेचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. मी दोन-अडीच किलोच्या वर जात नाही. घरच्या वजनकाट्यावर एकदा भरलेली बॅग ठेवून बघा, अंदाज किती चुकतो ते कळेल.

मोजमाप: तीन आकडे लिहून घ्या

दुकानात जाण्याआधी किंवा ऑनलाइन कार्ट भरण्याआधी घरातली मोजपट्टी घ्या.

पहिला आकडा, रुंदी. ड्रॉप हँडल असेल तर दोन्ही ब्रेक लिव्हरच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. हँडलवर ४२ सेंमी छापलंय म्हणून ४२ सेंमीची बॅग बसेल असं नाही. बोटांना आणि लिव्हरला दोन्ही बाजूंना थोडी जागा लागते, म्हणून मोजलेल्या अंतरातून ४-५ सेंमी वजा करा. लिव्हरच्या आतून फिरणारे गिअर असतील तर ते दाबूनही बघा. फ्लॅट हँडलला रुंदीची अडचण कमी, तिथे केबल हा खरा मुद्दा आहे. त्याकडे येतोच.

दुसरा आकडा, उंची. हँडलच्या खालच्या कडेपासून टायरपर्यंतचं अंतर. त्यातून किमान ५ सेंमी सोडा, कारण वजन आलं की बॅग खाली झुकते. समजा हे अंतर २६ सेंमी आहे. साधा फोर्क असेल तर बॅग २१ सेंमीपर्यंत उंच चालेल. पण पुढे सस्पेन्शन असेल तर? १०० मिमी ट्रॅव्हलचा फोर्क पूर्ण दबला की टायर आणि बॅग १० सेंमीने जवळ येतात. म्हणजे २६ वजा १० वजा ५, हातात राहिले फक्त ११ सेंमी. घरी उभ्या सायकलवर सगळं छान दिसतं, आणि उतारावर जोरात ब्रेक मारला, खड्डा आला, फोर्क दबला की बॅग टायरला घासते. लहान मापाच्या फ्रेमवर हे अंतर मुळातच कमी असतं, त्यामुळे उंची कमी असलेल्यांनी हा आकडा नक्की मोजा.

तिसरा आकडा, हँडलची जाडी. स्टेमजवळ हँडल साधारण ३१.८ मिमी किंवा २५.४ मिमी असतं. काही जुन्या रोड हँडलना २६ मिमी. पण ३१.८ चं हँडल सगळीकडे तेवढं जाड नसतं. स्टेमपासून बाहेर गेलं की ते निमुळतं होतं. माउंटचा क्लॅम्प नेमका त्या निमुळत्या भागावर आला तर कितीही आवळा, तो फिरणार. क्लॅम्पसाठी सरळ, एकसारख्या जाडीचा भाग किती शिल्लक आहे ते बघा. घंटी, लाइट, फोन होल्डर, सायकल कॉम्प्युटर, सगळे त्याच चार बोटं जागेवर हक्क सांगतात.

आणि हँडल कार्बनचं असेल तर थांबा. आधी हँडल बनवणाऱ्या कंपनीच्या सूचना वाचा. क्लॅम्प लावायला नको म्हटलं असेल तर नको. कार्बन एका ठिकाणी दाबलं गेलं की आतून तडा जाऊ शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

माउंटचे चार प्रकार

एक, पट्टे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपा. नळकांड्यासारखी छोटी बॅग, दोन पट्टे हँडलला आणि तिसरा हेडट्यूबला. हा तिसरा पट्टा लोक लावायचा कंटाळा करतात. तो लावाच, कारण बॅगेचं वरखाली उडणं तोच थांबवतो. वेल्क्रोपेक्षा बकलचे किंवा रबरी दात्यांचे पट्टे बरे. वेल्क्रोत चिखल आणि धूळ बसली की पकड जाते. पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नका. ते स्पोकमध्ये गेलं तर काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. टोक दुमडून खोचा, किंवा कापून लायटरने कड वितळवा.

दोन, क्लिक ब्रॅकेट. हँडलवर प्लास्टिकचा ब्रॅकेट कायमचा बसतो, बॅग त्यावर अडकते आणि बटण दाबलं की निघते. जर्मनीच्या रिक्सेन अँड काउल कंपनीचं क्लिकफिक्स हे यातलं ओळखीचं नाव. ऑर्टलीब हीसुद्धा जर्मन कंपनी. त्यांच्या जुन्या प्रकारच्या माउंटमध्ये पोलादी तार हँडलभोवती फिरवून ताणतात, त्यामुळे वेगवेगळ्या जाडीच्या हँडलवर तो बसतो. किमती वस्तू सोबत न्यायच्या असतील तर हा प्रकार सोयीचा. तोटा मगाशी सांगितला तोच: बॅग हँडलपासून थोडी पुढे जाते. त्यामुळे यात बॅग लहान घ्या. आणखी एक गोष्ट, बॅग घेताना ब्रॅकेट सुटा मिळतो का ते विचारा. तो मोडला आणि मिळेना, तर चांगली बॅग कपाटात पडून राहते.

तीन, हार्नेस. बाइकपॅकिंगवाल्यांचा आवडता. हँडलला एक पाळणा बसतो आणि त्यात दोन्ही बाजूंनी गुंडाळलेली लांब पिशवी आवळतात. स्लीपिंग बॅग, तंबूचं कापड अशा हलक्या पण फुगीर वस्तूंसाठी उत्तम. फ्लॅट हँडलवर छान बसते, ड्रॉप हँडलवर रुंदीत अडकते. आणि बिस्किटाचा पुडा काढायला ही बॅग उघडायची म्हणजे अर्धं बिऱ्हाड रस्त्यावर.

चार, पुढचा रॅक. ही फ्रेंच परंपरा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस पहिल्यांदा १८९१ मध्ये झाली. पुढे फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी जी पद्धत रुळवली, त्यात चौकोनी मोठी बॅग पुढच्या चाकावरच्या छोट्या रॅकवर टेकते आणि हँडल तिला फक्त सरळ धरतं. वजन रॅकवर आणि खाली येतं, त्यामुळे बॅग उडत नाही. पण त्या सायकलींच्या फोर्कची भूमितीच पुढचं वजन धरून ठरवलेली असायची. तुमच्या फोर्कला रॅकसाठी भोकं आहेत का ते आधी बघा. नसतील तर जुगाड करून पुढे रॅक लावू नका.

मग कोणता घ्यायचा? दोन-तीन दिवसांची राइड, रात्री लॉजवर किंवा होमस्टेवर मुक्काम, आणि सोबत फोन-कॅमेरा असेल तर क्लिक ब्रॅकेटवरची छोटी बॅग. वीकेंडची राइड आणि बजेट कमी असेल तर तीन पट्ट्यांची बॅग. तंबू घेऊन जाणार असाल तर हार्नेस. लिटरचं म्हणाल तर पहिल्या दोन्हींसाठी पाच-सहा लिटर पुरतात. मोठी बॅग घेतली की ती भरली जातेच, हा कपाटाचा नियम इथेही लागू आहे.

बसवायची कशी?

आता हात काळे करायची वेळ. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, हेडसेट तपासा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढेमागे हलवा. हेडट्यूबपाशी टकटक जाणवली तर आधी ते घट्ट करून घ्या. येत नसेल तर दुकानात जा आणि म्हणा, "दादा, हेडसेट जरा बघता का?" सैल हेडसेटवर बॅग लावली की उतारावर हँडल थरथरायला आणखी एक कारण मिळतं.

दुसरं, हँडल पुसून कोरडं करा. क्लॅम्प थोडा मोठा पडत असेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा आणा आणि मध्ये एक थर गुंडाळा. पकडही येते, ओरखडेही पडत नाहीत. पण दोन-तीन थर देऊन जाडी भरून काढायची नाही. तेवढा फरक असेल तर माउंटच चुकीचा आहे.

तिसरं, केबल. अख्ख्या एपिसोडमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. फ्लॅट हँडलवर ब्रेक आणि गिअरच्या केबल हँडलसमोरून वळसा घेऊन खाली जातात. बॅग नेमकी त्या वळशावर बसते. केबल तीव्र कोनात दुमडली की आतली तार घासते, लिव्हर जड होतो आणि सोडल्यावर हळू परततो. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर नळी चेपणं आणखी वाईट. म्हणून बॅग आणि हँडलमध्ये थोडं अंतर ठेवा. काही बॅगांसोबत फोमचे ठोकळे येतात ते यासाठीच. केबलचा वळसा मोठा आणि मोकळा राहिला पाहिजे. जुन्या पद्धतीचे ड्रॉप लिव्हर, ज्यांच्या गिअर केबल आतल्या बाजूला हवेत बाहेर येतात, त्यांना रुंद बॅग जमतच नाही.

चौथं, बोल्ट. एक पूर्ण आवळला आणि मग दुसरा, असं नको. दोन्ही आलटून पालटून थोडे थोडे. माउंटवर न्यूटन मीटरमध्ये आकडा छापला असेल तर तोच पाळा. प्लास्टिकचा क्लॅम्प ताकद दाखवायची जागा नाही.

पाचवं, लाइट. बॅग बसवल्यावर हेडलाइट तिच्या मागे लपतो आणि प्रकाश रस्त्याऐवजी बॅगेच्या झाकणावर पडतो. लाइट फोर्कच्या वरच्या भागावर, किंवा बॅगेच्या पुढे येईल अशा आधारावर हलवा. हे संध्याकाळी घाटात नाही, घरी दिवे बंद करून तपासायचं.

सहावं, हेडट्यूबवर जिथे बॅग किंवा पट्टा घासतो तिथे पारदर्शक टेप लावा. ५०० किमीची धूळ सँडपेपरचंच काम करते.

निघण्याआधीची परीक्षा

बॅग पूर्ण भरा. रिकाम्या बॅगेची परीक्षा ही परीक्षा नाही.

हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्ही टोकांना दोन्ही ब्रेक दाबा आणि सोडा. लिव्हर लगेच परततो का? हँडल वळवताना ब्रेक आपोआप लागत तर नाही ना? पुढचं चाक उचलून फिरवा आणि त्याच वेळी हँडल वळवा, चाक अडकतंय का बघा. मग पुढचं चाक वितभर उचलून खाली सोडा. बॅग किती उडाली, खाली किती झुकली?

हे सगळं जमलं की घराजवळ १० किमी फिरून या. मुद्दाम स्पीडब्रेकरवरून जा. हळू वेगात आठचा आकडा काढा. रिकाम्या रस्त्यावर एक जोरदार ब्रेक मारा. परत आल्यावर क्लॅम्पजवळ बोट लावा. हँडलवर पेनाने आधीच छोटी खूण करून ठेवली असेल तर क्लॅम्प सरकलाय का हे लगेच दिसतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. उतारावर हँडल थरथरायला लागलं तर घाबरून ते आवळून धरू नका. दोन्ही गुडघ्यांनी वरची नळी दाबून धरा, सीटवरचा भार किंचित उचला, आणि दोन्ही ब्रेक हळूहळू लावत वेग कमी करा. थांबल्यावर बॅगेतलं वजन कमी करा आणि जड वस्तू मागे टाका. तरीही थरथर राहिली तर बॅग काढून बघा. बॅगेशिवायही होत असेल तर कारण दुसरीकडे आहे: टायरची हवा, हेडसेट, चाक.

तुमचे नेहमीचे प्रश्न

"बॅग वॉटरप्रूफ आहे असं लिहिलंय, पावसात चालेल का?" लिहिलेलं असणं आणि असणं यात आपला जून-जुलै उभा असतो. कापडावर पाणी न मुरणं वेगळं आणि शिवणीतून, चेनमधून आत न येणं वेगळं. वरून गुंडाळून बंद होणारी, शिवणी वेल्ड केलेली बॅग खरी टिकते. चेन असलेली बहुतेक बॅग फक्त सरी झेलते. घरी परीक्षा घ्या: आत वर्तमानपत्र भरा, दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा, मग कागद बघा. आणि काहीही असलं तरी फोन आणि कागदपत्रं आत झिपलॉक पिशवीत.

"वर नकाशाचा पारदर्शक खिसा असतो, त्यात फोन ठेवू का?" थोडा वेळ ठीक. भर उन्हात प्लास्टिकखाली फोन तापतो आणि चार्जिंग चालू असेल तर आणखी तापतो.

"स्वस्तातली घेतली तर?" घ्या की! स्वस्त बॅग चालते, फक्त तिचे पट्टे आणि शिवण नीट बघा. दोन बकल जास्तीचे सोबत ठेवा. पैसे वाचवायचे तर बॅगेच्या कापडात वाचवा, माउंटमध्ये नको.

तर मंडळी, खरेदीला जाताना खिशात तीन आकडे ठेवा: लिव्हरमधली रुंदी, हँडल ते टायर अंतर आणि हँडलची जाडी. दुकानदाराने "सगळ्या सायकलला बसते" असं म्हटलं तर हसून सायकल आत घ्या आणि म्हणा, "मग बसवून दाखवा, ब्रेक दाबून बघतो."

पुढच्या एपिसोडमध्ये मागच्या कॅरियरवर आणि पॅनिअरवर बोलू. तोपर्यंत आपले तीन आकडे कमेंटमध्ये टाका, बॅग निवडायला मदत करतो. हेल्मेट घाला, पाणी प्या, आणि भेटू!